इरई आणि तिच्या काठची वस्ती

इरई ही वर्धा नदीची डाव्या तीरावरची उपनदी. चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर भागात, चिमूर तालुक्यातल्या टेकड्यांमध्ये ती उगम पावते. तिथून भद्रावती आणि चंद्रपूर तालुक्यांतून साधारण दक्षिणेकडे वाहत जाऊन बल्लारपूर तालुक्यात हडस्ती गावाजवळ ती वर्धेला मिळते. पुढे गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. उगमापासून संगमापर्यंत इरई एकाच जिल्ह्यात राहते, आणि राज्याच्या नकाशावर ती सहसा दाखवलीही जात नाही. तरीही गोंड राजांची राजधानी, २०११ च्या जनगणनेनुसार सव्वातीन लाखांच्या घरातली लोकसंख्या असलेले शहर, कोळशाच्या खाणी, महानिर्मितीचे सर्वांत मोठे औष्णिक वीज केंद्र आणि ताडोबाच्या जंगलाची पश्चिम कड एवढे सगळे तिच्या खोऱ्यात बसले आहे. मोठ्या नद्यांच्या काठीही इतकी दाटी क्वचितच आढळते.

खोऱ्याच्या दोन बाजू एकमेकींसारख्या नाहीत. पूर्वेला चिमूरपासून मूलकडे गेलेला टेकड्यांचा पट्टा आहे. फार उंच नसला तरी पाणी वाटून देण्याचे काम तोच करतो. त्याच्या पश्चिम उतारावरचे नाले इरईत येतात, तर पलीकडचे पाणी अंधारी नदीतून वैनगंगेकडे जाते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे जंगल याच टेकड्यांवर आणि त्यांच्या पायथ्याशी पसरलेले आहे. पश्चिमेला मात्र जमीन हळूहळू सपाट होत वर्धेच्या काळ्या मातीत मिसळते. वरोरा-भद्रावतीचा हा पट्टा कापूस, ज्वारी, तूर आणि अलीकडे सोयाबीनचा. टेकड्यांच्या पूर्वेला, मूल-सिंदेवाहीकडे उतरले की बांध्या, बोड्या आणि धानाचा मुलूख लागतो. म्हणजे विदर्भातल्या भातखाऊ आणि भाकरखाऊ मुलखांची सीमा इरईच्या आसपासच कुठेतरी पडते. जुन्या जमाबंदीत या भागातल्या मातीचे कन्हार, मोरांड, खरडी, बर्डी असे प्रकार धरत. कन्हार म्हणजे खोल काळी, आणि बर्डी म्हणजे टेकाडावरची मुरमाड, हलकी. इरईच्या एकाच गावात शिवाराच्या एका टोकाला कन्हार आणि दुसऱ्या टोकाला बर्डी सापडणे नवलाचे नाही.

मातीखालचा खडक याहून महत्त्वाचा. महाराष्ट्राचा मोठा भाग बेसाल्टवर उभा असला तरी इरईच्या खोऱ्यात बेसाल्टचे राज्य संपते आणि त्याहून कितीतरी जुने गोंडवाना गाळाचे खडक वर येतात. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या हिमयुगात साठलेला तालचीर थर तळाशी, त्यावर बराकर वालुकाश्म आणि त्याच्याही वर कामठी वालुकाश्म अशी ही चळत आहे. कोळसा आहे तो बराकर थरात, आणि वर्धा खोऱ्यातल्या या पट्ट्यात मुख्य थराची जाडी काही ठिकाणी १५ मीटरहून जास्त भरते. वरचा कामठी वालुकाश्म सच्छिद्र असतो, पाणी मुरवतो आणि उतारावर झऱ्यांच्या रूपाने परत देतो. आगरझरी, बोटेझरी अशी झरी लागलेली गावांची नावे या टेकड्यांच्या परिसरात भेटतात. चार शतकांपूर्वी वस्ती कुठे व्हावी हे मातीने आणि झऱ्यांनी ठरवले, तर गेल्या सव्वाशे वर्षांत ते कोळशाने ठरवले.

पावसाचे मान वाईट नाही. वर्षाला सरासरी १२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जाणे ही बातमीसुद्धा होत नाही. टेकड्यांवरून आलेले नाले पावसाळ्यात तासाभरात फुगतात आणि दिवाळीनंतर झपाट्याने रोडावतात. धरण होण्याआधीची इरई म्हणजे पावसाळ्यात दुथडी, हिवाळ्यात घोटाभर आणि उन्हाळ्यात मधूनमधून डोह राहिलेले वाळूचे पात्र. अशा पात्रात माणसे झिरे काढतात. वाळू हातभर उकरायची, पाणी पाझरू द्यायचे, पहिले गढूळ पाणी फेकायचे आणि मग वाटीने निवळ पाणी घागरीत भरायचे. जंगलातली जनावरेही कोरड्या नाल्यात खुराने तेच करतात. बारमाही वाहणारी नदी म्हणून इरईवर कोणी कधी विसंबले नाही. तिच्या खोऱ्यातली वस्ती जिथे टिकली, तिथे ती अडवून साठवलेल्या पाण्यावर टिकली. तळ्याचा आकार बदलत गेला आणि पाण्याचा धनी बदलत गेला, एवढाच काय तो या खोऱ्याचा इतिहास.

माणसाच्या वावराची सर्वांत जुनी खूण चंद्रपूर शहराला लागूनच आहे. झरपट ही इरईची छोटी उपनदी. तिच्या काठच्या पापामियां टेकडीवर अश्मयुगातली दगडी हत्यारे मिळाली आहेत. पाणी, हत्यारांना लागणारा दगड आणि शिकार तिन्ही हाताशी असल्याने जागेची निवड चोख होती. ऐतिहासिक काळातले मोठे केंद्र मात्र इरईच्या काठावर नाही. इरई आणि वर्धा यांच्या मधल्या पट्ट्यात, भद्रावतीला (जुन्या कागदांतले भांदक) ते आहे. तिथल्या विजासन टेकडीत बौद्ध लेणी कोरलेली आहेत. गावात प्राचीन तलाव आहे, त्यावर दगडी खांबांचा जुना पूल आहे, नागमंदिर आणि पार्श्वनाथाचे जैन मंदिर आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा इ. स. ७७२ चा ताम्रपट याच गावी मिळाला. चिनी प्रवासी युआन श्वांग याने वर्णिलेली कोसलची राजधानी हीच, असे पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने सुचवले होते. ते सर्वांना पटलेले नाही. पण इतकी शतके टिकलेले नगर नदीपासून दूर आणि तलावाला धरून वसले, ही गोष्ट इरईचे खोरे समजून घेताना विसरता येत नाही.

गोंडांच्या आधी या भागात नागवंशी माना सरदारांची सत्ता होती, असे परंपरा सांगते. माणिकगडासारखे किल्ले त्यांच्याच नावावर आहेत, आणि माना समाजाची गावे आजही चिमूर-वरोरा भागात आहेत. त्यांच्यानंतर आलेल्या गोंड राजघराण्याची गादी आधी आजच्या तेलंगणातल्या सिरपूरला होती, नंतर वर्धेच्या काठी बल्लारपूरला आली. तिथून ती इरई-झरपटच्या संगमाकडे कशी सरकली याची दंतकथा एकोणिसाव्या शतकात जमाबंदी अधिकारी मेजर ल्यूसी स्मिथ याने नोंदवली आणि पुढे गॅझेटियरांनी ती घराघरांत पोचवली. खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर गाठी होत्या, कुठलेच औषध लागू पडत नव्हते. शिकारीला निघालेला हा राजा तहानेने व्याकुळ होऊन झरपटच्या कोरड्या पात्रात उतरला आणि तिथल्या एका खळग्यातल्या पाण्याने त्याने हातपाय, तोंड धुतले. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली आणि सकाळी अंग स्वच्छ झालेले दिसले. खळगा साफ केल्यावर खडकात गाईच्या पावलांचे ठसे निघाले, राजाला स्वप्नात दृष्टान्त झाला आणि तिथे अचलेश्वराचे देऊळ उभे राहिले. शहराच्या जागेची कथा वेगळी. देवळाचे बांधकाम पाहून परतताना कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. ससा कधी मोठ्या घेराने धावला, कधी छोट्या, आणि शेवटी कुत्र्यानेच त्याला मारले. राणीने हा शुभशकुन मानला आणि सशाच्या मागावरून कोट आखण्याचा सल्ला दिला.

ससा-कुत्र्याची गोष्ट भारतात अनेक शहरांच्या नावावर सांगितली जाते, त्यामुळे तिच्यावर फार भार टाकण्यात अर्थ नाही. पण पहिल्या कथेतला तपशील खोऱ्याला अगदी धरून आहे. राजाला नदी भेटत नाही, कोरड्या पात्रातला खळगा भेटतो. शहराची स्थापना पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातली मानतात. कोट पुरा व्हायला पुढच्या अनेक राजांच्या कारकिर्दी लागल्या.

चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, या कोटाने आजही जुने शहर वेढलेले आहे. उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा आणि पश्चिमेला बिनबा हे चार दरवाजे. त्यांच्या मधून बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण अशा पाच खिडक्या, म्हणजे माणसांपुरत्या लहान वाटा. दरवाज्यांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे, तीच गोंड राजांची मुद्रा. बिनबा दरवाज्यातून बाहेर पडले की इरईकडे उतरता येते, अचलेश्वराच्या बाजूला झरपट आहे आणि शहराच्या दक्षिणेला दोन्ही नद्या मिळतात. मसण खिडकीचे नावच ती कशासाठी होती ते सांगते. शत्रूला अडवण्यासाठी उभारलेला हा कोट व्यवहारात पुराचा बंधाराही झाला. पूर आला की पठाणपुऱ्याबाहेरची शेते आणि रस्ता पाण्याखाली जातात, कोटाच्या आत मात्र लोकांचे चालू राहते. २०१७ पासून इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी श्रमदानाने या भिंतीवरची झाडेझुडपे आणि कचरा काढायला घेतला, तेव्हा शहरातल्या अनेकांना तिची पुरती लांबी पहिल्यांदाच दिसली.

दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेल्या या शहराने पिण्याचे पाणी घेतले ते मात्र तलावाचे. कोटाच्या आतल्या रामाळा तलावाचे पाणी गोंड काळात जमिनीखालच्या नळांनी वस्तीत खेळवलेले होते. शहरापासून थोड्या अंतरावर, जंगलाच्या कडेला जुनोना तलाव आहे. घुटकाळा, कोहिनूर हे शहरातले जुने तलाव आता मोहल्ल्याच्या आणि मैदानाच्या नावांतच उरले आहेत.

तलाव बांधण्याला गोंड राजवटीत धोरणाचे बळ होते. हिरशहा राजाच्या नावावर दोन आज्ञा सांगतात. जो जंगल तोडून जमीन वहितीखाली आणील, त्याला त्या जमिनीची सनद, आणि जो तलाव बांधील, त्याला त्या तलावाने भिजेल तेवढी जमीन इनाम. खजिन्यातून एक पैसा न घालता पाणीसाठा वाढवण्याची याहून सोपी युक्ती सापडणे कठीण. तलाव जितका चांगला, तितकी इनामाची जमीन जास्त, त्यामुळे बांध कच्चा ठेवून भागत नसे. या देणग्यांना तुकूम म्हणत. चंद्रपूरहून मोहर्लीकडे जाणाऱ्या ताडोबा रस्त्यावरच्या शहरी वस्तीचे नाव आजही तुकूमच आहे. तिथे राहणाऱ्या बहुतेकांना ते कॉलनीचे नाव वाटते.

जिल्ह्याच्या महसुली गावांच्या यादीत नावापुढे तुकूम, चक, माल, रीठ अशा पुरवण्या लागलेल्या दिसतात, आणि ही यादी वस्तीच्या इतिहासाचे उत्तम साधन आहे. मोठ्या गावातून फुटून वेगळे काढलेले शिवार म्हणजे चक. रीठ म्हणजे उठून गेलेले गाव. गावठाण ओस पडलेले, घरे मातीत गेलेली, पण महसूल खात्याच्या नकाशावर शिवार आणि सीमा शाबूत. हिवतापाने, दुष्काळाने, विहीर आटल्याने किंवा वाघाच्या त्रासाने गावे उठत आणि दोनचार कोसांवर पुन्हा बसत. शेतात नांगराला खापऱ्या लागतात, जुने मारुतीचे ठाणे एखाद्या चिंचेखाली एकटे उभे असते, त्यावरून रीठ ओळखतात. इरईच्या वरच्या अंगाला वस्ती अशी सरकती होती. एकाच जागी शतकानुशतके राहिलेली गावे मुख्यतः खालच्या, काळ्या मातीच्या भागात आढळतात.

१७५१ मध्ये चांद्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. मे १८१८ मध्ये इंग्रज फौजेने तोफांनी कोटाला खिंडार पाडून शहर जिंकले, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर हा मुलूख थेट कंपनीच्या अमलाखाली आला. नव्या राजवटीत गावे मालगुजारांच्या, म्हणजे सरकारला सारा भरणाऱ्या गावमालकांच्या, नावे झाली. तलावांची डागडुजी हीही मालगुजाराची जबाबदारी ठरली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. त्यांना माजी मालगुजारी तलाव, बोलण्यात मामा तलाव, म्हणतात. मालगुजाराला तलावात रस होता तो त्याखालच्या धानाच्या हिश्शासाठी. सरकारी खात्याला तेवढा रस असण्याचे काही कारण नव्हते आणि गाळ साचत गेला.

जंगलाबाबतचा बदल जास्त खोलवर गेला. १८७८ च्या वन कायद्यानंतर टेकड्यांवरची जंगले राखीव झाली. गोंड राजवटीत जंगल तोडून शेती करणाऱ्याला सनद मिळत होती. आता तेच केल्यास गुन्हा नोंदवला जाऊ लागला. इरईच्या पूर्वेकडची गावे तेव्हापासून जंगलाच्या कुंपणात बसली. शेती गावठाणाभोवती, बाकी पोट मोहफुले, तेंदूपाने, बांबू आणि लाकूडकटाईच्या मजुरीवर. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टोपली घेऊन मोहाखाली जायचे, फुले वेचायची आणि अंगणात वाळवायची, हे काम या गावांत पीक काढण्याइतकेच महत्त्वाचे असते. वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि त्यातून वणवे लागतात. वनखाते आणि गावे यांच्यातले हे भांडण दर उन्हाळ्यात नव्याने सुरू होते.

मोहर्ली हे अशांपैकीच एक गाव. भद्रावती तालुक्यात, चंद्रपूरपासून सुमारे तीस किलोमीटरवर, इरईच्या पूर्वेला टेकड्यांच्या पायथ्याशी ते आहे. इथून ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या जंगलवाटेच्या कडेला ठरावीक अंतराने दगडी खांब उभे आहेत. त्यांच्या माथ्यावर दोर ओवता येईल अशी भोके आहेत. गोंड राजा शिकारीला किंवा देवाला निघाला की खांबाखांबांतून ओवलेला दोर ओढून घंटा वाजवत आणि त्याच्या येण्याची वर्दी पुढे पोचवत, असे सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, मोहर्लीवरून जाणारी वाट जुनी आणि राबत्याची होती एवढे खांबांवरून नक्की कळते. वाट जात होती ती ताडोबाच्या तलावाकडे. वाघाशी झुंजताना मेलेल्या तारू नावाच्या गावप्रमुखाचे ठाणे तिथे काठावर आहे आणि आदिवासी त्याला देव मानतात. जंगलाचे नाव त्याच्यावरूनच पडले.

कोळशाने खोऱ्याचा तोंडवळा बदलला. जिल्ह्यातली पहिली खाण १८७० च्या दशकात वरोऱ्याला सुरू झाली आणि त्या कोळशासाठी वर्ध्याहून रेल्वे आली. विसाव्या शतकाच्या आरंभी खाणी बल्लारपूर आणि चंद्रपूरजवळ सरकल्या आणि लालपेठ, महाकाली अशी नावे खाणींना लागली. महाकाली हे तर झरपटकाठच्या देवीचे नाव. चैत्रातल्या तिच्या यात्रेला मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून हजारो लोक येतात आणि झरपटमध्ये अंघोळ करतात. राष्ट्रीयीकरणानंतर, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स स्थापन झाल्यावर दुर्गापूर, पद्मापूर इथे उघड्या खाणी झाल्या. भूमिगत खाणीत वरची जमीन निदान दिसायला तरी तशीच राहते. उघड्या खाणीत आधी वरचा मुरूम, माती आणि खडक उचलून कुठेतरी टाकावा लागतो. चंद्रपूर परिसरात हे ढिगारे नदीच्या अंगाला उभे राहिले. पावसात त्यांची माती इरईत उतरते, पात्र उथळ होते आणि उथळ पात्रात बेशरमाची झुडपे माजतात. पात्र खोल करण्याची, झुडपे काढण्याची कामे अधूनमधून होतात. पण ढिगारा जागेवर असेपर्यंत पुढचा पावसाळा नवी माती घेऊन येतोच.

खाणीच्या तोंडाशीच वीज केंद्र उभारावे, कोळसा वाहून नेण्याचा खर्च वाचवावा, हा विचार १९७० च्या दशकातला. दुर्गापूरजवळ चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राचे पहिले संच १९८३-८४ मध्ये सुरू झाले. पुढे संच वाढत गेले, दोन जुने बंद झाले आणि आज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. कोळसा हाताशी होता, पाणी नव्हते. वाफेला आणि त्याहून कितीतरी जास्त वाफ थंड करायला वर्षभर पाणी लागते. इरई जून ते ऑक्टोबरच पाणी देणार. म्हणून वीज केंद्रासाठी, शहराच्या वरच्या अंगाला इरईवर मातीचे धरण बांधले गेले. त्याला सात दरवाजे आहेत आणि पूर्ण साठ्याची पातळी समुद्रसपाटीपासून २०७.५ मीटर धरतात. हिरशहाच्या तुकुमात जो तलाव बांधी त्याचे धान भिजत असे. इरई धरणातही पाणी अडवणाऱ्याचाच हक्क पहिला, फक्त ते धानाऐवजी शीतकरणाच्या उंच मनोऱ्यांमधून वाफ होऊन जाते. चंद्रपूर शहराचे पिण्याचे पाणीही याच साठ्यावर अवलंबून आहे. मे २०१० मध्ये मात्र साठा इतका खाली गेला की शहरासाठी पाणी राखून वीज केंद्र बंद ठेवावे लागले. राज्यभर विजेची ओढाताण असताना इरईसारख्या आडबाजूच्या नदीची पातळी मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत छापून येऊ लागली.

धरणाचा फुगवटा उत्तरेकडे मोहर्लीपर्यंत पसरला. जिथे वाळूचे पात्र आणि काठचे जंगल होते, तिथे पाणी आले आणि गावांच्या वाटा वळल्या. मोहर्ली, भामडेळी, सीतारामपेठ यांच्या शेजारी जलाशय आला. जंगली जनावरांना उन्हाळ्यातले हमखास पाणी मिळाले. मार्चनंतर साठा उतरू लागला की उघड्या पडलेल्या गाळावर कोवळे गवत येते. त्यावर गावची गुरे चरतात आणि चितळ-गवेही चरतात. त्यांच्यामागून वाघ येतो. मोहर्लीच्या बाजूला वाघ दिसण्याचे प्रमाण चांगले का, याच्या उत्तरात मनुष्यनिर्मित जलाशयाचा वाटा बराच असावा. हिवाळ्यात स्थलांतरित बदके उतरतात, तीही याच पाण्यावर.

ताडोबाला १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, तेव्हा क्षेत्र ११६.५५ चौरस किलोमीटर होते. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झाले आणि दोन्ही मिळून १९९५ पासून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प. गाभा ६२५ चौरस किलोमीटरचा आणि २०१० मध्ये त्याभोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र जाहीर झाले. बफरमध्ये ७९ गावे आली. गाभ्यातली गावे हलवण्याचे काम त्याआधीच सुरू झाले होते. बोटेझरी आणि कोळसा नावाच्या गावाचा काही भाग २००७ मध्ये मूल तालुक्यात भगवानपूरला नेला गेला. नवेगाव (रामदेगी), जामणी यांचे पुनर्वसन नंतर झाले. सरकत्या वस्तीच्या या खोऱ्यात गाव उठणे नवे नव्हते. नवे होते ते सरकारी निवाड्याने, भरपाई मोजून, परतीची वाट बंद करून उठणे. ही गावठाणेही आता रीठच म्हणायची.

मोहर्ली गाभ्याच्या सीमेवर असल्याने उठले नाही, उलट वाढले. प्रकल्पाचे सर्वांत गजबजलेले प्रवेशद्वार इथेच आहे. पहाटे जिप्सींची रांग लागते, पर्यटन महामंडळाचे निवास जलाशयाकडे तोंड करून आहे आणि खाजगी रिसॉर्टे आजूबाजूला झाली आहेत. गावातली तरुण मुले-मुली गाइड आहेत, वाहनचालक आहेत, काही घरांत होमस्टे आहे. ज्याला यातले काही जमले नाही, त्याच्या वाट्याला जंगलाची बंदी तेवढी आली. मोहफुले वेचायला, गुरे चारायला गेलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले होतात. बळी जाणाऱ्यांत शेतमजूर आणि गुराखी जास्त असतात. पावसाळ्यात गाभा बंद राहतो, आणि पर्यटनावर पोट असलेल्या घरांना ते महिने बफरच्या फेऱ्यांवर किंवा शेतावर काढावे लागतात.

धरणाच्या खाली इरई वेगळीच नदी आहे. उन्हाळ्यात तिच्यात स्वतःचे पाणी जवळजवळ नसते. वाहते ते खाणींतून उपसलेले आणि शहरातून सुटलेले. वीज केंद्राची राख पाण्यात कालवून नळांतून राखेच्या तळ्याकडे नेतात. नळ फुटला की करडा गाळ पात्रात येतो. झरपटही शहराचे सांडपाणी घेऊनच मिळते आणि तिच्यावर जलपर्णीचा जाड थर असतो.

पावसाळ्यात याच भागात पूर येतो आणि तो समजून घ्यायला इरईपुरते पाहून चालत नाही. वरच्या बाजूला वरोरा तालुक्यातले चारगाव धरण भरले की सांडव्याचे पाणी इरई धरणात येते. पातळी पूर्ण साठ्याजवळ पोचली की दरवाजे सुरुवातीला पाव-पाव मीटरने उघडतात. एवढे पाणी पात्रात मावते, जर हडस्तीला वाट मोकळी असेल तर. पण हडस्तीला येणाऱ्या वर्धेत तोवर बरेच पाणी मिळालेले असते. निम्न वर्धा आणि बेंबळा या धरणांचा विसर्ग, वणा नदी, आणि वढ्याजवळ मिळणारी पैनगंगा, तिच्या मागे ईसापूर धरण. यवतमाळ-हिंगोलीकडे मोठा पाऊस झाला की वर्धा चढते आणि संगमापाशी इरईचे पाणी पुढे सरकेनासे होते. त्याला इथले लोक वर्धेचा दाब म्हणतात. दाब आला की इरई उलटी फुगत चंद्रपूरपर्यंत येते. २००६, २०१३ आणि २०२२ साली शहराने मोठे पूर पाहिले. आरवट, चारवट, हडस्ती ही खालच्या अंगाची गावे आधी अडतात, मग पठाणपुऱ्याबाहेरचा रस्ता जातो, मग रहमतनगर, सिस्टर कॉलनी अशा नव्या वस्त्यांत पाणी शिरते. या वस्त्या बसल्या त्या कोटाबाहेर, नदीच्या पूरपट्ट्यात, आणि अनेक धरणानंतरच्या कोरड्या वर्षांत, जेव्हा नदी इतकी रोडावलेली होती की ती इथवर येईल असे कोणाला वाटत नव्हते. पूररेषा आखली गेली तेव्हा बरीच घरे रेषेच्या आत आधीच उभी होती. दर पावसाळ्यात महापालिका भोंगा फिरवून तिथल्या लोकांना शाळांमध्ये हलवते. चंद्रपुरात पाऊस उघडला तरी वर्धा उतरल्याशिवाय त्यांना घरी जाता येत नाही.